'होय'चे बहुमत होण्याआधी

प्रति,
सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषद

विषय : पुरवणी मागण्यांवर विचारायचे काही प्रश्न

सन्माननीय सदस्यहो,

सरकारी उधळपट्टीची चर्चा सुरू झाली की ती मंत्र्यांच्या बंगल्यांची डागडुजी, नव्या गाड्या आणि पानभर जाहिरातींवर जाऊन थांबते. त्यावर बोलायलाच हवे. पण 7 लाख कोटींच्या अर्थसंकल्पात हा सगळा खर्च उद्या शून्य केला तरी तिजोरीला फारसा फरक पडणार नाही. पैसा वाया जातो तो कंटाळवाण्या ठिकाणी. तरतूद कोणत्या महिन्यात झाली, वितरण कधी निघाले, एका तरतुदीच्या खुंटीवर किती कामे टांगली, यात तो मुरतो. संविधानाच्या अनुच्छेद 266 नुसार विधिमंडळाने कायदा केल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून रुपयाही काढता येत नाही. म्हणून हे पत्र वित्त विभागाला न लिहिता आपल्याला लिहीत आहोत.

आधी आकडे पाहू. 28 जून 2024 रोजी सुमारे 6 लाख 12 हजार कोटींचा अर्थसंकल्प मांडला गेला. त्यानंतर पंधरवडाही उलटला नव्हता तोच 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, आल्या. डिसेंबरमध्ये 35,788 कोटींच्या आणि मार्च 2025 मध्ये 6,486 कोटींच्या. तिन्ही मिळून 1 लाख 37 हजार कोटी, म्हणजे मूळ अर्थसंकल्पाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. 2025-26 मध्ये वेगळे काही घडले नाही. 10 मार्चला 7,00,020 कोटींचा अर्थसंकल्प, जूनअखेर 57,509 कोटींची पुरवणी, डिसेंबरात 75,286 कोटींची. त्या डिसेंबरचे नागपूर अधिवेशन एका आठवड्याचे होते.

पुरवणी मागणी हे पाप नाही. अनुच्छेद 205 तिच्यासाठीच आहे. अतिवृष्टी होते, न्यायालयाचा निकाल येतो, केंद्राची नवी योजना येते आणि राज्याला आपला हिस्सा घालावा लागतो. शिवाय पुरवणी मागण्यांच्या पुस्तकावर छापलेली एकूण रक्कम म्हणजे सगळा नवा बोजा नव्हे. जून 2025 च्या 57,509 कोटींपैकी निव्वळ भार 40,645 कोटींच्या आसपास होता. बाकीचे समायोजन होते : कुठे केंद्राकडून तेवढीच रक्कम येणार, कुठे त्याच विभागातली बचत एका लेखाशीर्षावरून (खर्चाच्या ठरलेल्या खात्यावरून) दुसऱ्यावर जाणार. म्हणून मोठा आकडा घेऊन सभागृहात आरडाओरडा केला की मंत्री निव्वळ भाराचा आकडा वाचून दाखवतात आणि विषय संपतो. वाचायचे आहे ते आतले स्पष्टीकरण.

पुस्तक हातात आले की प्रत्येक बाबीखालच्या चार-सहा ओळी पाहाव्यात आणि पेन्सिलीने खुणा कराव्यात. जी गोष्ट अर्थसंकल्प मांडताना माहीतच नव्हती, तिला एक खूण. जी माहीत होती पण मुद्दाम कमी धरली (वेतनातील तूट, वीजबिल, निवृत्तिवेतन, आधीच जाहीर झालेल्या योजनेचे उरलेले हप्ते), तिला दुसरी. आणि 1,000 रुपयांची जी लाक्षणिक तरतूद असते, तिला तिसरी. ही हजाराची ओळ बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. तिचा अर्थ असा असतो की सभागृहाने नव्या बाबीला तत्त्वतः होकार द्यावा, पैसे पुनर्विनियोजनाने दुसरीकडून आणले जातील. हजार रुपयांच्या ओळीमागे पुढे शेकडो कोटींचे काम उभे राहू शकते. तेव्हा प्रत्येक लाक्षणिक मागणीला एकच प्रश्न विचारावा : पैसे कोणत्या लेखाशीर्षातून येणार, आणि तिथले कोणते काम त्यामुळे थांबणार?

दुसऱ्या खुणेच्या बाबी सर्वांत जास्त निघतील. मार्चमध्ये वेतनाची तरतूद कमी धरली की महसुली तूट तेवढी लहान दिसते. जून-डिसेंबरात ती गुपचूप भरून काढता येते, कारण पगार अडवा असे कोणीही आमदार म्हणणार नाही. कर्मचाऱ्यांची संख्या आणि वेतनश्रेणी पगाराच्या 'सेवार्थ' संगणक प्रणालीत महिन्याच्या महिन्याला नोंदलेली असताना वेतनाचा अंदाज चुकतो कसा, हे मात्र विचारावे.

आता डिसेंबरच्या मागण्यांचे काय होते ते सविस्तर पाहू, कारण खरी गळती तिथे आहे. अधिवेशन डिसेंबरच्या मध्यावर संपते. विनियोजन विधेयकाचे सोपस्कार होऊन निधी बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर दिसायला जानेवारी उजाडतो. मंत्रालयातून विभागप्रमुख, तिथून नियंत्रण अधिकारी, तिथून आहरण व संवितरण अधिकारी (प्रत्यक्ष पैसे काढून देणारा), अशी वितरणाची साखळी उतरायला आणखी दोन-तीन आठवडे. मग अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, ई-निविदा, तांत्रिक लिफाफा, वित्तीय लिफाफा, वाटाघाटी, करारनामा, कार्यादेश. कितीही घाई केली तरी यात दोन महिने जातात. कार्यादेश पडतो मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. आणि 31 मार्चला निधी व्यपगत, म्हणजे न वापरलेला पैसा हातातून गेला.

या तीन आठवड्यांत काय होते हे एका साध्या कामावरून पाहता येते. गावातला सिमेंट काँक्रीटचा रस्ता, लांबी 100 मीटर, रुंदी 3 मीटर, जाडी 15 सेंटिमीटर. काँक्रीट लागते 45 घनमीटर. जाडी 12 सेंटिमीटर ठेवली तर 36 घनमीटर, म्हणजे पाचवा हिस्सा खिशात, आणि वरून डोळ्यांना काही कळत नाही. ते कळण्याचे मार्ग दोनच : ओतण्याआधी साच्याच्या पाट्यांची उंची मोजणे, किंवा नंतर कोअर (काँक्रीटचा आरपार नमुना) कापून पाहणे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका शाखा अभियंत्याकडे अशी पंधरा-वीस कामे असतात. तो मोजमाप पुस्तिका कार्यालयात बसून भरतो. यात त्याची बेइमानी असेलच असे नाही. दिवसाचे तास पुरत नाहीत. दुसरे, काँक्रीट ओतल्यावर वाफे बांधून निदान 14 दिवस पाणी धरून ठेवावे लागते. मार्चमध्ये गावाला प्यायला पाणी नसते, तिथे रस्त्याला कोण घालणार? डांबराच्या कामाला हे ऊन मानवते, काँक्रीटला नाही. पहिल्या दोन पावसाळ्यांत पृष्ठभाग उडून खडी वर येते ती यामुळे.

आणि तिसरी गोष्ट आपल्याला सभागृहात बसून तपासता येण्यासारखी आहे. काँक्रीटची ताकद ठरवण्यासाठी 15 सेंटिमीटरचे ठोकळे भरतात आणि ते 28 दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून फोडतात. म्हणजे 3 मार्चनंतर ओतलेल्या काँक्रीटचा 28 दिवसांचा अहवाल 31 मार्चला हाती असणे शक्यच नाही. तरीही मार्चअखेर अंतिम देयके निघतात आणि त्यांना अहवाल जोडलेले असतात. आपल्या मतदारसंघातल्या कोणत्याही पाच कामांची काँक्रीट ओतल्याची तारीख, ठोकळे फोडल्याची तारीख आणि देयक पारित झाल्याची तारीख तारांकित प्रश्नाने मागवा. तीन तारखा एका ओळीत आल्या की आणखी काही विचारावे लागत नाही.

ज्या निधीचे काम उभे करणे अशक्य असते, तो वेगळ्या वाटेने 'खर्च' होतो. रक्कम कोषागारातून काढायची आणि एखाद्या महामंडळाकडे, प्राधिकरणाकडे वर्ग करायची किंवा स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या नावे कोषागारात असलेल्या वेगळ्या खात्यात, नेऊन ठेवायची. शासनाच्या पुस्तकात खर्च झाला. जमिनीवर कुदळ पडलेली नाही. जिल्हा परिषदेकडे मार्चअखेर निधी ढकलण्याची ओढ असते तीही याच कारणाने, कारण तिथे खर्चाला पुढच्या वर्षअखेरपर्यंत मुदत मिळते. या वाटा बेकायदा नाहीत. स्वीय प्रपंजी लेखे काही कामांना लागतातच. पण वर्षानुवर्षे रक्कम तिथे पडून असताना शासन दुसऱ्या हाताने बाजारातून कर्ज उचलते आणि व्याज भरते. 2025-26 मध्ये व्याजापोटीची तरतूद 64 हजार कोटींच्या वर होती. वापर न झालेल्या रकमा परत एकत्रित निधीत आणा, असे लेखापरीक्षक लिहीत राहतात. उपयोगिता प्रमाणपत्रे येत नाहीत, तरी त्याच संस्थेला पुढचा हप्ता जातो.

वित्त विभागाला हे ठाऊक नाही असे नाही. 2025 मध्ये त्याने 15 फेब्रुवारीनंतर नव्या खरेदी प्रस्तावांना मान्यता देऊ नये असे बजावले होते. फर्निचर, संगणक, झेरॉक्स यंत्रे, कार्यशाळा, दुरुस्त्या असे सगळे त्यात होते. परिपत्रक चांगलेच आहे. पण खर्चाच्या मोठ्या धारेला डिसेंबरमध्ये तोंड फोडायचे आणि फेब्रुवारीत खुर्च्या-टेबलांवर बंदी घालायची, याने मार्चची गर्दी कमी कशी होणार?

आता कामांच्या संख्येकडे येऊ. इथे आपल्यालाही थोडे कडू ऐकावे लागेल. ग्रामविकासाचे 2515 असो, रस्त्यांचे 3054 किंवा 5054 असो, या लेखाशीर्षांखालच्या याद्या लोकप्रतिनिधींच्या पत्रांवरून तयार होतात. गणित सोपे आहे. 1 कोटीची तरतूद आणि 10 लाखांची दहा कामे घेतली तर दहाही त्याच वर्षी संपतात. 1 कोटीच्याच तरतुदीवर शंभर कामांना मान्यता दिली तर प्रत्येकाच्या वाट्याला लाख-लाख येतात. नारळ शंभर ठिकाणी फुटतात, फलक शंभर लागतात, काम एकही संपत नाही. जिल्हा स्तरावर दायित्व (आधीच्या कामांची देणी) वजा जाता उरलेल्या निधीच्या दीडपट नियोजन करण्याची पद्धत आहे. तिच्यामागे समज आहे, काही कामे अडतातच. पण मंत्रालय स्तरावरच्या याद्यांना तसा लगाम दिसत नाही.

अर्धवट कामाची किंमत दोनदा मोजावी लागते. खोदून ठेवलेला रस्ता पावसात वाहून जातो आणि भराव पुन्हा करावा लागतो. देयक दीड-दोन वर्षे मिळणार नाही हे ठेकेदाराला निविदा भरतानाच माहीत असते, म्हणून तो व्याज धरून दर टाकतो, नाहीतर माल कमी घालतो. 2025 मध्ये ठेकेदार संघटनांनी थकीत देयकांचा आकडा 89 हजार कोटी सांगितला. त्या आकड्यावर वाद घालता येईल. शासनाने विभागवार खरा आकडा पटलावर ठेवला की तो वाद मिटेल.

आणि इथेच राजकोषीय शिस्तीची पळवाट आहे. महाराष्ट्राचा राजकोषीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्पीय व्यवस्थापन कायदा 2005 चा. तूट स्थूल राज्य उत्पन्नाच्या 3 टक्क्यांच्या आत हवी, आणि 2025-26 च्या अंदाजात 1,36,235 कोटींची तूट धरूनही ती तशी बसते. पण शासनाचे लेखे रोखीच्या पद्धतीने ठेवले जातात. पैसे गेले तर खर्च, नाही गेले तर काहीच नाही. झालेल्या कामाचे न दिलेले देयक तुटीत कुठेही दिसत नाही. देयके जितकी थकवाल तितकी तूट गोंडस. महामंडळांनी शासनाच्या हमीवर काढलेल्या कर्जाचेही तेच. म्हणून फक्त टक्केवारी ऐकून बाके वाजवू नयेत. थकीत देयके आणि हमी यांचे विवरण सोबत मागावे.

आमदार निधीचेही थोडे बोलू. वर्षाला 5 कोटी आणि दोन्ही सभागृहांचे मिळून 366 सदस्य, म्हणजे 1,830 कोटी. रक्कम राज्याच्या मानाने मोठी नाही, पण सवय इथेच लागते. हायमास्ट घ्या. 200 वॉटचे आठ दिवे म्हणजे 1.6 किलोवॉट, रात्रीचे अकरा तास, महिन्याला 528 युनिट. युनिटला 8 रुपये धरले तरी 4,200 रुपयांच्या पुढे बिल. ते भरायचे ग्रामपंचायतीने, जिची पाणीपुरवठ्याचीच वीज थकलेली असते. वर्षभरात जोडणी तुटते आणि खांब उभा राहतो. खुल्या व्यायामशाळा, प्रवासी निवारे, पेव्हर ब्लॉक यांचीही हीच रड. शिफारसपत्र देण्यापूर्वी ग्रामपंचायतीचा देखभाल खर्च उचलण्याचा ठराव आणि तिच्या मागच्या वर्षाच्या वसुलीचा उतारा मागवलात, तर निम्मी पत्रे आपोआप मागे पडतील.

मोठ्या प्रकल्पांत हीच रीत 'सुप्रमा' या नावाने चालते. सुधारित प्रशासकीय मान्यतेचा सर्वांत ठळक नमुना वैनगंगेवरचा गोसीखुर्द धरण प्रकल्प आहे. 1983 मध्ये मान्यता मिळाली तेव्हा किंमत 372.22 कोटी होती. 1988 मध्ये भूमिपूजन झाले, 2009 मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि पुढे सुधारित किंमत 18,494 कोटींवर गेली. जवळपास पन्नासपट. डाव्या कालव्याचे अस्तरीकरण निकृष्ट निघाले म्हणून ते पुन्हा करावे लागले, तो खर्चही यातच. 2 लाख 50 हजार 800 हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट मात्र तेच राहिले.

सुप्रमाच्या प्रस्तावात वाढीची कारणे ठरावीक मथळ्यांखाली दिलेली असतात : दरसूचीतील बदल, भूसंपादनाच्या किमतीतील वाढ, संकल्पचित्रातील बदल, अपुऱ्या तरतुदी, इतर कारणे व अनुषंगिक खर्च. पहिल्या दोन मथळ्यांवर वेळ घालवू नका. भाववाढ होते आणि 2013 च्या कायद्याने भूसंपादन महाग झाले, हे खरेच आहे. बोट ठेवायचे ते 'अपुऱ्या तरतुदी' आणि 'संकल्पचित्रातील बदल' यांवर. अपुरी तरतूद याचा अर्थ मूळ अंदाजपत्रकात ती बाब धरलीच नव्हती किंवा नावापुरती धरली होती. कालव्याचे अंदाजपत्रक सर्वेक्षणाऐवजी ठोकताळ्याने करतात, पायाचे भूस्तर पुरेशी विंधने (जमिनीत पाडलेली चाचणीची छिद्रे) न घेता गृहीत धरतात, पुनर्वसन कमी दाखवतात, आणि हे सारे लाभव्यय गुणोत्तर कागदावर बसावे म्हणून. एकदा भिंत अर्धी उभी राहिली की 'झालेला खर्च वाया जाईल' या एका वाक्यावर पुढची प्रत्येक सुप्रमा मंजूर होते. पहिल्या मान्यतेच्या वेळी किती टक्के जमीन ताब्यात आहे आणि किती विंधने घेतली, हे दोन आकडे मागितले असते तर यातले बरेच टळले असते. शक्तिपीठ महामार्गासारख्या प्रकल्पांत भूसंपादनासाठी हजारो कोटींचे कर्ज उचलायचे ठरते, तेव्हा वित्त विभागाने त्यावर मारलेला शेराही सदस्यांना वाचायला मिळायला हवा.

लाडकी बहीण योजनेबद्दल एवढेच. गरीब बाईच्या खात्यात महिन्याला 1,500 रुपये जाणे याला आम्ही उधळपट्टी म्हणत नाही. चुकला तो क्रम. 2024 च्या ऑगस्टपासून पैसे आधी गेले, छाननी 2025 मध्ये सुरू झाली. वरातीमागून घोडे. मे 2025 मध्ये 2,289 सरकारी कर्मचारी लाभार्थी निघाले. त्यांची नावे सेवार्थमध्ये आधार क्रमांकासह होती आणि दोन याद्या जुळवणे हे एका दिवसाचे काम होते. जून 2025 पासून 26.34 लाख खात्यांचा लाभ अपात्रतेच्या संशयावरून रोखला गेला. महिन्याला 395 कोटी होतात. त्यातल्या काही बायका पात्रच असतील आणि त्यांना आता कागद घेऊन हेलपाटे घालावे लागतात. त्याच वर्षी सामाजिक न्याय विभागाचे 410.30 कोटी आणि आदिवासी विकासाचे 335.70 कोटी या योजनेकडे वळवले गेले, तेव्हा सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. पुनर्विनियोजनाचे असे आदेश सभागृहाला वर्तमानपत्रातून कळू नयेत.

आता मागणी. कायदा बदलायची गरज नाही, अध्यक्ष आणि सभापतींच्या निदेशाने यातले बहुतेक होऊ शकते. पुरवणी मागण्यांच्या पुस्तकात प्रत्येक बाबीपुढे तीन रकाने जोडावेत : मूळ तरतूद, मागणी मांडण्याच्या आदल्या महिन्याअखेर बीम्सवरचा प्रत्यक्ष खर्च, आणि त्या लेखाशीर्षावरचे थकीत दायित्व. तिन्ही आकडे संगणकात आहेत, फक्त छापायचे आहेत. मूळ तरतुदीतला निम्माही पैसा खर्च झालेला नसताना विभाग पुरवणी मागतो, असे या रकान्यांत वारंवार दिसेल.

डिसेंबरच्या पुरवणीत नव्या बांधकामांना जागा देऊ नये. आपत्ती, न्यायालयीन आदेश आणि केंद्राचा जुळता हिस्सा एवढेच. नवी कामे जूनच्या मागण्यांत यावीत, म्हणजे पावसाळ्यात निविदा होऊन ऑक्टोबरमध्ये काम सुरू करता येते आणि काँक्रीटला हिवाळा मिळतो. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा वित्तविषयक अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवण्याची जी रीत पडली आहे, ती मोडावी. पहिल्या दिवशी ठेवला तर लोकलेखा समितीकडे जाण्याआधी त्यावर निदान एक चर्चा होईल. आणि गिलोटिन लावून, म्हणजे वेळ संपताच चर्चा न करता, उरलेल्या मागण्या एकत्र मताला टाकायच्या असतील, तर त्या मागण्यांची यादी रकमांसह आदल्या दिवशी सदस्यांना मिळावी.

सुरुवात करायला सार्वजनिक बांधकामाच्या 'एच' आणि ग्रामविकासाच्या 'एल' या मालिकांतल्या मागण्या घ्याव्यात. 25 ते 31 मार्च या सात दिवसांत त्यांतून किती देयके निघाली, किती रकमेची, आणि त्यांपैकी किती रक्कम महामंडळांकडे वा स्वीय प्रपंजी लेख्यांत वर्ग झाली, एवढा एक अतारांकित प्रश्न कोणत्याही पक्षाच्या सदस्याला टाकता येईल. उत्तर बीम्समधून काढायला कोषागाराला अर्धा दिवस पुरतो. 'माहिती संकलित करण्यात येत आहे' असे उत्तर आले तर ते स्वीकारू नये.

आपले विश्वासू,
शासकीय लेखा व कोषागारांच्या कामात आयुष्य गेलेले काही जण